बिनगावची कोळंबी

१३ जानेवारी

आज रुजू झाले. गारगोटीच्या स्टँडवर उतरले तर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, आणि घाई मात्र कुणालाच नाही. रिक्षावाल्याने माझी बॅग आणि पाणी तपासायच्या सामानाची पेटी बघून आपणहूनच विचारलं, "पावणं, झिंग्याच्या तळ्याव काय?" म्हणजे आमचं तळं गावाला ठाऊक आहे. असला झिंगा उभ्या भुदरगडात मिळायचा नाही, असं तो वाटभर सांगत होता. माझी छाती जरा फुगलीच.

खोली पंपघराच्या वर आहे. एक खिडकी तळ्यांवर, दुसरी वेदगंगेच्या काठावरच्या करंजांवर. पलंग, टेबल, पंखा, आणि संडास स्वच्छ. हॉस्टेलची चार वर्षं काढलेल्या मुलीला आणखी काय हवं? टेबलावर बाबांनी दिलेली बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली आणि खोली माझी झाली.

मालक अमरसिंह पन्नाशीचे. माणूस मोकळा, आवाज मोठा. तीन तळी आहेत. दोनांत रोहू-कटला, तिसऱ्यात कोळंबी. त्यांना कागल भागातल्या शेतकऱ्यांना या कोळंबीचं बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, विकायचं आहे, पण तिचं मूळ कुठलं याचा एकही कागद नाही. बी कुठून आणलं होतं, असं मी विचारलं तर ते हसून म्हणाले की तेच हुडकायला तर तुम्हाला आणलंय.

ज्या जिवाचं मूळ माहीत नाही त्याचं बी दुसऱ्याच्या पाण्यात सोडायचं नाही, हा आमचा पहिला धडा. तो त्यांना सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि मला चहा भरून दिला.

आईला फोन करून सगळं सांगितलं. जेवण कोण करणार, हाच तिचा पहिला प्रश्न.

१५ जानेवारी

जेवण शालूबाई करतात. तळ्यावर राखण करणारे जोतीरामकाका आणि त्यांची बायको शालूबाई, दोघं तिसऱ्या तळ्याच्या कडेच्या दोन खोल्यांत राहतात. काका कमी बोलतात. शालूबाई बोलतात, पण माझ्याशी नाही, स्वतःशीच. "मी भाकरी केलो, मी पाणी आणलो" असं त्यांचं बोलणं. आमच्या आजऱ्यातही बायका असंच बोलतात. आई शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्या घरात ते चालायचं नाही. मला मात्र ऐकायला गोड वाटतं.

आज पहिल्यांदा जाळं टाकून माल बघितला. देखणा आहे. तांबूस रंग, पाठीवर फिकट रेघ, एकही रोगट नाही. पण तीन गोष्टी मनात राहिल्या.

एक तर नर नाहीतच. जेवढ्या हातात आल्या तेवढ्या सगळ्या माद्या. दुसरं म्हणजे बऱ्याच जणींच्या पोटाखाली अंडी आहेत आणि काठाच्या गवतात पिल्लंही आहेत. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्लं सुरुवातीला खारं पाणी मिळाल्याशिवाय जगत नाहीत. इथून समुद्र कुठे! आणि तिसरी गोष्ट, प्रत्येकीचा डावा चिमटा उजव्यापेक्षा आखूड आहे, टोक उडाल्यासारखा. भांडणात चिमटा तुटतो, पुन्हा उगवतो, हे नेहमीचं. पण सगळ्यांचा, एकाच जागी?

नर नसताना प्रजा वाढवणारे जीव असतात. तसलं काही असेल तर माझ्या हाताला मोठी गोष्ट लागली आहे. नमुने स्पिरिटमध्ये घालून श्रुतीकडे कुरिअर केले. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, आता किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत असते.

१९ जानेवारी

कोळंबीला खाद्य घालायचं काम शालूबाईंचं. संध्याकाळी त्या पायरीवर बसतात, घमेलं मांडीवर घेतात आणि हळू आवाजात बोलायला लागतात. मग पाणी हलतं. काठापाशी डोळेच डोळे दिसतात. मी तेच घमेलं, तेच खाद्य घेऊन दुसऱ्या काठावर बसून पाहिलं. एकही आली नाही.

त्या काय बोलतात ते ऐकायला जवळ गेले. काही विशेष नाही. आज चुलीला धूर लई झाला, म्हस आटली, तुझ्या मैत्रिणीचं लगीन ठरलं, असलंच.

जोतीरामकाकांना या मालाबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. सुरुवातीला मालकांनी आंध्रातून बी आणलं होतं, निळ्या चिमट्यांचं. मोठ्या पुरात वेदगंगा बांधावरून आत आली आणि सगळा माल वाहून गेला. पाणी उतरलं तेव्हा पहिली दोन तळी मोकळी होती आणि हे तिसरं भरलेलं होतं, या असल्या झिंग्यांनी. कुणी सोडले नव्हते. नदीतून आले असतील, असं मी म्हणाले. काका म्हणाले, "नदीत मी जन्म काढलाय की मॅडम. असला झिंगा नदीत न्हाय. ह्यास्नी गावच न्हाय. बिनगावची हाईत ही."

३० जानेवारी

श्रुतीचा फोन आला. थोडी चिडलेली होती. म्हणाली, एकाच कोळंबीचे तुकडे करून वेगवेगळ्या बाटल्यांत भरलेस का? सगळे नमुने तंतोतंत एक आहेत. बहिणी-बहिणींमध्येही थोडा फरक असतो, तोही नाही. आणि जगातल्या नोंदवलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नाहीत.

वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, लहानमोठ्या बघून मी पुन्हा नमुने घेतले. या वेळी प्रत्येकीचा फोटोही काढला.

संध्याकाळी खिडकीतून बघत होते. शालूबाई बोलत होत्या आणि मध्येच थांबत होत्या. उत्तर ऐकावं तशा.

८ फेब्रुवारी

दुसऱ्या नमुन्यांचं उत्तर तेच. तळ्यात हजारो कोळंब्या आहेत आणि श्रुतीच्या भाषेत सांगायचं तर ती एकच आहे.

अमरसिंहांना मी स्पष्ट सांगितलं की हे बी बाहेर जाता कामा नये. नदीत तर नाहीच. ते म्हणाले बी नंतर बघू, आधी खाऊन तर बघू, आणि आज मोठी काढणी लावली. गारगोटीहून त्यांचे चार-पाच दोस्त आले. तळ्यावरच पंगत बसली.

काढणीत मी उभी होते म्हणून लिहून ठेवते. कोळंबी जाळ्यात आली की तडतड उडते, हात सोलून काढते. ही उडाली नाही. जाळं वर आलं तेव्हा सगळ्या निपचित होत्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. शालूबाईंच्या दाराकडे.

शालूबाईंनी रांधायला नकार दिला. गावातून आचारी आणला. त्या दिवसभर उपाशी, दार लावून आत बसून होत्या. मला वाईट वाटलं. तरी मी जेवले. तांबडा रस्सा, त्यात कोळंबी, हातावरची भाकरी. मी दोनदा घेतलं. चव विसरणार नाही अशी होती. गोडसर.

१० फेब्रुवारी

आज शालूबाईंनी चहा आणून दिला नाही म्हणून मीच त्यांच्याकडे गेले. त्या झोपल्या होत्या. भिंतीवर एका मुलीचा फोटो आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला असावा, नऊवारी नेसलेली, हातात बक्षिसाचा पेला. डाव्या हाताने तो धरलाय आणि त्या हाताची करंगळी अर्धीच आहे.

काकांना बाहेर येऊन विचारलं. मुलीचं नाव संयोगिता, घरात संगी. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात बोट गेलं होतं. पुराच्या दिवशी तळ्यावरची यंत्रं काढून आणायला मालकांनी काकांना सांगितलं होतं. काकांना ताप होता. पोरगी म्हणाली मी जातो. तिसऱ्या तळ्यावर असताना बांध फुटला. खाली कर्नाटकापर्यंत शोधलं, सापडली नाही.

मी म्हणाले, काका, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "काय सांगायचं? आमची पोरगी पाण्यात हाय, असं सांगायचं?"

परत खोलीवर येईपर्यंत मला उलटी झाली. पण दोन दिवसांपूर्वीचं जेवण उलटून कुठे पडतंय.

मी विज्ञान शिकले आहे. चिमट्याचा दोष वाढताना सगळ्यांमध्ये सारखाच येऊ शकतो. योगायोग असतो. असतो.

१४ फेब्रुवारी

डावी करंगळी बधिर आहे. टाचणी टोचून बघितली. पहिल्या पेरापर्यंत कळतं, पुढे नाही.

कामाच्या वहीतलं कालचं पान वाचलं. पाण्याच्या तपासणीच्या नोंदीत मी लिहिलंय: "सकाळी तळ्याव गेलतो, पाणी गढूळ हाय." अक्षर माझंच. मी आयुष्यात असं लिहिलेलं नाही. "गेले होते" लिहिते मी. आईने पट्टीने मारून शिकवलंय.

आणि एक. कंपोस्टच्या खड्ड्याकडून येताना सराईतासारखी वाकून गेले. तिथे वाकण्यासारखं काही नाही. काका बघत होते. म्हणाले, पुराआधी तिथं पेरूची फांदी आडवी होती.

१७ फेब्रुवारी

आईचा फोन. आवाज का असा येतोय, सर्दी झाली का, विचारत होती. मी म्हणाले, न्हाय. ती हसली, म्हणाली गारगोटीचं पाणी लागलं वाटतं. मग तिने आजऱ्याच्या घरातलं काहीतरी सांगितलं, मागच्या दाराचं, काजूच्या झाडाचं. मी हं हं करत राहिले. मला ते दार आठवेना.

फोन ठेवल्यावर मूर्तीपुढे बसले. कळायला लागल्यापासून पाठ असलेलं त्रिशरण. मध्येच अडले. पुढचे शब्द नव्हतेच. त्या जागी चुलीचा धूर, शेणाचा वास, आणि कुणीतरी केस विंचरतंय—

शालूबाई आता जेवतात. हसतात. मला मॅडम म्हणत नाहीत.

२० फेब्रुवारी

कागलहून बी न्यायला टाकी यायची होती. ती येऊ नये म्हणून अमरसिंहांना सकाळपासून फोन लावत होते. उचलला नाही. दुपारी ते स्वतःच आले. गाडी नाही. गारगोटीहून चालत, कडक उन्हात, पायात काही नाही.

सरळ तिसऱ्या तळ्यात शिरले, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, गुडघाभर पाण्यात. मी हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा ओळख होती नजरेत, पण मालकाची नव्हे. बहिणीने बघावं तशी.

मी टाकीचं विचारलं. ते हळू आवाजात म्हणाले की टाकी परत धाडली. तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. म्हणाले, घरातली पोरगी अशी कुणाच्या दारात सोडायची न्हाय. आणि मग शालूबाई दारात आल्या, तर हा पन्नास वर्षांचा माणूस दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "आई, भूक लागल्या."

शालूबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. शालूबाईंच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, रागही नव्हता. ज्याच्या कामापायी पोरगी पुरात गेली त्याचंच ते तोंड.

काका गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. रडत होते.

२१ फेब्रुवारी

ठरवलं. तळं मारायचं. मूळ माहीत नसलेला माल धोक्याचा ठरला तर तो जागीच संपवायचा, हा नियम. मी नोकरी करते आहे. मी दीक्षा आहे.

ब्लीचिंग पावडरची पोती गोदामात होती. एक फोडलं, घमेलं भरलं, काठावर गेले. शालूबाई आल्या. ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या, हात पाण्यात सोडला. सगळ्या गोळा झाल्या, हाताभोवती, एकीवर एक.

"टाक की," त्या म्हणाल्या. "माझ्या हातावनंच टाक. पर तुला बी भाजंल, बग."

मी एक मूठ टाकली.

पाणी उसळलं. आणि माझा दंड, मान, पाठ— आग. मी पाण्याला शिवलेही नव्हते. मी किंचाळले ते "आई" म्हणून. शालूबाईच धावल्या. त्यांनी मला मांडीवर घेतलं, खोबरेल लावलं. कातड्यावर फोड आहेत. कालपासून इथेच राहिलेल्या अमरसिंहांच्या पाठीवरही, तिथेच.

लाज वाटते लिहायला. त्या मांडीवर मला बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

पळाले. बॅग न घेता. काकांनी मोटरसायकलवरून गारगोटीला सोडलं, म्हणाले मागं बघू नको पोरी. आजऱ्याच्या गाडीत बसले. खिडकीची जागा. तिकीट काढलं. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं तेव्हा नीट सांगितलं, आजरा.

मग एकदम भाकरीचा वास. आणि हाक. लांबून, नदीच्या अंगाने—

पुढचं आठवत नाही. पायांना माती होती. मी फाटकात उभी होते. शालूबाई म्हणाल्या, किती उशीर केलास.

श्रुतीला लिहायचं आहे की जे जेवले त्या सगळ्यांना— तिचा नंबर— मोबाइल उघडायचा आकडा आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

पंगतीतले आणखी दोघं आले. चालत. एक डॉक्टर आहे, माहीत आहे मला, किंवा माहीत होतं. काठावर बसतो आम्ही. कुणी फार बोलत नाही. बोलायची गरजच पडत न्हाय.

शालूबाईंनी आज स्वतः जाळं टाकलं. स्वतः रांधलं. आधी शिवत नव्हत्या. मी विचारलं का. म्हणाल्या, आता कळलं न्हवं, ह्यातनंच येती ती.

काका जेवले न्हाईत. सकाळी उठून गेले. कुठं ते सांगितलं न्हाय.

दीक्षा. माझं नाव दीक्षा. आईचं नाव शालन. आजरा. काजूचं झाड. दीक्षा. आईचं नाव शालू—

२८

ऊन चांगलं हाय. फोड बरं झालं. सकाळी तळ्यातलं शेवाळ काढलो. टेबलावं एक बारकी मूर्ती हाय, कुणाची इसरली कुणास ठावं. पुसून ठिवलो.

आईनं केस इचरलं. लई दिसांनी. कुटं गेलतीस म्हणाली. मी म्हणालो हितंच हुतो की.

सकाळ

फाटकाला एक बाई आलीया. चष्म्याची, शाळंच्या मास्तरणीवानी. कापडी पिशवी हाय हातात. दीक्षा दीक्षा म्हणून हाका मारत्या. चुकून आली आसंल. माझा हात धरला आन सोडंनाच. अर्ध्या करंगळीकडं बगून रडाय लागली. मला बी कसंतरी झालं, का ते कळलं न्हाय.

आई म्हणाली, पावणं उनातनं आल्यात, आदी जेवू घाल. ओट्याव पाट मांडलो. ताट वाढलो. रस्सा ऊन ऊन हाय.

ती बाई खाईनाच. माझ्याकडं बगत बसली. मग म्हणाली, तू जेवलीस का गं? मी व्हय म्हणालो. म्हणाली, तू केलंस व्हय हे? व्हय म्हणालो. मग तिनं डोळं पुसलं.

मी वर यिऊन खिडकीतनं बगतोय. छातीत काय तरी वरडतंय, खाली पळ म्हणतंय, ताट उडव म्हणतंय. पाय हालत न्हाईत. आई तिच्याजवळ बसून वारा घालत्या. तळ्यातल्या समद्या वर आल्यात, तोंडं ओट्याकडं.

तिनं भाकरी मोडली. रश्शात बुडवली. आता ती घास

आई, नको